पोरगं कामावर दिसलं तर काय करायचं? फोन लावायच्या आधी हे वाचा

आधीच सांगतो, मी वकील नाही की अधिकारी नाही. आमच्या घराच्या मागे गाळे आहेत, बॅगांचे, पाकिटांचे, दोन-तीन जरीचे, आणि तिथली पोरं बघून जे फोन लावले, जे अर्ज केले, जिथं तोंडावर आपटलो त्यातून जेवढं शिकलो तेवढं लिहितोय.

पहिल्यांदा फोन केला तेव्हा मी फक्त एवढंच बोललो, अमुक गल्लीत लहान पोरं कामाला आहेत हो, लवकर या. माणसं आली, नाही असं नाही. पण भर दुपारी आली, पुढच्या शटरने आली, आणि तोवर पोरं माळ्यावरून मागच्या जिन्याने शेजारच्या गाळ्यात. खाली चार मोठे कारागीर मान खाली घालून शिवतायत. कागदावर "बालकामगार आढळून आले नाहीत" असं गेलं आणि पुढे महिनाभर तो शेठ मला बघून हसायचा. चिडलो खूप, पण नंतर शांतपणे विचार केला तर माझ्या तक्रारीत होतं काय? ना मागचा जिना, ना वेळ, ना किती पोरं, ना काय काम. धाड पडणं हा यातला सोपा भाग आहे. केस टिकते ती कागदावर, आणि त्यातही एका गोष्टीवर, पोराचं वय. हे भांडण आजचं नाही, दोनशे वर्षं जुनं आहे, त्यावर खाली येतोच.

नेमकं काय बघितलं ते आधी ठरवा

१९८६ चा बालकामगार कायदा २०१६ साली बदलला, आणि अजून खूप लोकांच्या डोक्यात जुनंच आहे की "फटाके, काच, बिडी असलं काम असेल तरच गुन्हा". तसं राहिलेलं नाही. १४ वर्षांखालचं पोर कुठल्याच कामाला ठेवता येत नाही, मग ती चहाची टपरी असो, गॅरेज असो की कुणाच्या घरची धुणीभांडी. १४ ते १८ मधल्यांना कायदा किशोर म्हणतो, त्यांना खाणी, स्फोटक किंवा पेट घेणारा माल आणि धोकादायक प्रक्रिया बंद. बाकीच्या ठिकाणी ठेवलं तरी सगळं धरून सहा तास, सलग तीन तासांच्या वर नाही, मध्ये तासभर सुट्टी, ओव्हरटाइम नाही, आणि संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही. म्हणजे रात्री अकरा वाजता सोळा वर्षांचा पोरगा मशीनवर दिसला आणि शेठ म्हणाला "अहो मोठाय तो", तरी प्रकरण संपत नाही, उलट तिथून सुरू होतं.

आता पळवाट. कायद्यात घरच्या धंद्यात मदत करायला सूट आहे, आणि घरचे म्हणजे आईबाप, भावंडं, शिवाय काका, आत्या, मामा, मावशी हे पण. त्यामुळे धाडीत दहातलं एखादं तरी पोर "भाचा" निघतं! पण ही सूट वाटते तेवढी मोठी नाही. धंदा खरंच घरच्यांच्या मालकीचा पाहिजे, काम धोक्याचं नको, शाळेच्या वेळेत नको, रात्री नको, दिवसाला तीन तासांच्या वर नको, आणि २०१७ च्या नियमांप्रमाणे ज्या कामातून घरच्याला कमाई होते असं माल बनवण्या-विकण्याच्या साखळीतलं काम तर अजिबातच नको. बिहारमधून आलेला "भाचा" शाळेत कुठे जातो एवढा एकच प्रश्न अधिकाऱ्याने विचारला तरी बऱ्याचदा काम होतं. तुम्ही तक्रारीत लिहायचं ते एवढंच की हे पोर शाळेच्या वेळेत इथे असतं.

लिहून ठेवायची सवय लावा, हीरोगिरी नको

१९०८ पासून अमेरिकेत लुइस हाइन नावाचा एक फोटोग्राफर कापडगिरण्या, कोळशाच्या खाणी, डबाबंद मासळीचे कारखाने असे फिरत होता. आत घ्यायचे नाहीत म्हणून कधी बायबल विकणारा बनायचा, कधी पोस्टकार्डवाला. पोराची उंची कशी मोजायचा माहितीये, स्वतःच्या जाकिटाच्या बटणांवरून. तिसऱ्या बटणापर्यंत आलं की मनात नोंद, आणि नोंद लिहायची खिशात हात घालून, कुणाला न दाखवता. फोटोसोबत नाव, वय, किती तास, किती मजुरी सगळं असायचं म्हणून मालकांना "खोटंय" म्हणणं जड गेलं. आणि तरी बघा, १९१६ चा कायदा तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९१८ ला उडवून लावला, पक्का कायदा यायला १९३८ उजाडलं.

आपल्याला बायबल विकायची गरज नाही, पण ती बटणांची युक्ती डोक्यात ठेवा. पोरगं शटरच्या कुलपाएवढं आहे की मशीनच्या टेबलाएवढं, हे कळतं येता-जाता. बाकी काय बघायचं तर काम काय करतं (धागे कापणं, सोल्युशन म्हणजे चिकटवायचा गोंद लावणं, पट्टी दुमडणं, खडे चिकटवणं ही पोरांची ठरलेली कामं, मशीनवर नंतर बसवतात), किती वाजता दिसतं, झोपतं कुठे, जेवण कोण आणतं, आठवड्याची खर्ची मिळते का, सुट्टीचा वार कुठला. हा सुट्टीचा वार फार महत्त्वाचा, बंद गाळ्यावर धाड नेऊन काय उपयोग. आणि दारं किती. मागचा जिना, माळा, शेजारच्या गाळ्यात उघडणारं दार. मी एका वहीत आठ-दहा दिवस तारीख आणि वेळ टाकून लिहिलं, तेवढं पुरलं.

पोराशी बोलायला जाऊ नका. वडापाव घेऊन देऊन गोड बोलून माहिती काढू असं वाटतं, पण शेठला कळलं तर मार त्याला बसतो, तुम्हाला नाही. शेठशी भांडण तर मुळीच नको, दुसऱ्या दिवशी गाळा रिकामा. आणि व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकणं, हे तर कृपा करून नकोच. पोराचं तोंड, नाव, पत्ता उघड करणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, सहा महिने कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तो तुम्हालाही लागतो, चांगल्या मनाने टाकला होता वगैरे चालत नाही.

फोन आणि अर्ज, दोन्ही

१०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन. हा नंबर १९९६ साली मुंबईतच सुरू झाला, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून, आता सरकार चालवतं आणि ११२ शी जोडलेला आहे. चोवीस तास लागतो, नाव सांगायची सक्ती नाही. मारहाण चालू आहे, पोर कोंडलंय असं असेल तर थेट ११२. केंद्र सरकारचं पेन्सिल नावाचं पोर्टलही आहे २०१७ पासून, तिथे जिल्हा निवडून तक्रार टाकता येते.

फोनवर कसं बोलायचं? रडगाणं नको, माहिती द्या. साधारण असं:

"अमुक रस्ता, अमुक इंडस्ट्रियल इस्टेट, पहिला मजला, गाळा नंबर अमुक, बॅगांचं काम. १४ च्या खालची वाटतात अशी पाच ते सहा मुलं. सोल्युशन लावतात आणि धागे कापतात. सकाळी ९ ते रात्री ११ दिसतात, रात्री तिथेच माळ्यावर झोपतात. शुक्रवारी गाळा बंद असतो. पुढे शटर आहे, मागे लोखंडी जिना आहे, तो शेजारच्या गाळ्याच्या गच्चीवर जातो. या म्हणाल त्या दिवशी मी लांबून जागा दाखवू शकतो, समोर येणार नाही."

एवढं सांगितलं की समोरच्या माणसाचा आवाज बदलतो, खरंच. मग तोच मजकूर कागदावर उतरवा आणि कामगार आयुक्त कार्यालय, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि पोलीस ठाणे, तिन्हीकडे द्या, पोच घ्या. शक्य असेल तर एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे, कारण जिल्ह्याचं बालकामगार कृती दल त्यांच्या अध्यक्षतेखाली असतं आणि वरून पत्र आलं की खालच्या टेबलावरचा कागद हलतो, हे काय मी नव्याने सांगायला नको. पोलीस "हे आमच्याकडे येत नाही, कामगार खात्याकडे जा" म्हणाले तर नम्रपणे सांगा की २०१६ पासून हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलिसांना तो नोंदवावाच लागतो. आणि अगदीच कुणी ऐकलं नाही तर बालकामगार कायद्याच्या कलम १६ प्रमाणे कुठलाही माणूस सरळ कोर्टात तक्रार करू शकतो, फक्त ते शेवटचं, मुलांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेचा वकील सोबत असेल तर.

आता वय, सगळ्यात मोठं लफडं

इंग्लंडमध्ये १८३३ चा फॅक्टरी कायदा आला, कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालची पोरं ठेवायची नाहीत असा. आता नऊ वर्षं ठरवायची कशी, तिथे जन्मनोंदणीच नव्हती, ती सुरू झाली १८३७ ला. मग डॉक्टरने बघून लिहून द्यायचं की हे पोर नऊ वर्षांच्या मुलाइतकं धट्टंकट्टं दिसतंय. १८३७ लाच एडविन सॉन्डर्स नावाच्या दातांच्या डॉक्टरने हजारभर मुलांचे दात तपासून मांडलं की उंचीपेक्षा दातांवरून वय बरं कळतं. म्हणजे घोड्याचे बघतात तसे पोरांचे दात!

आपल्याकडे १८८१ चा फॅक्टरी कायदा. तो का आला हेही मजेशीर आहे, मुंबईच्या गिरण्या स्वस्तात माल काढतायत म्हणून इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांच्या पोटात दुखत होतं, पोरांचा कळवळा त्यात थोडा आणि धंदा जास्त. सात वर्षांखालची पोरं बंद, सात ते बारा नऊ तास. सातवं पूर्ण झालेलं पोर नऊ तास गिरणीत, आणि ही सुधारणा बरं का. नारायण मेघाजी लोखंडेंनी १८८४ ला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं, पुढे १८९१ ला किमान वय नऊ झालं आणि नऊ ते चौदासाठी तास सातवर आले. १९२२ ला बारा, १९४८ ला चौदा. आकडा वर सरकत गेला तसतशी वय वाढवून सांगायची कलाही वाढत गेली, पोरगं एका गिरणीत अर्धी पाळी करून दुसऱ्या नावाने दुसऱ्या गिरणीत अर्धी पाळी करायचं असले प्रकार व्हायचे.

आज त्या दातांच्या जागी आधार कार्ड आलंय. धाडीत शेठ पहिल्यांदा काय काढतो तर फोनमधला आधारचा फोटो, जन्मतारीख १ जानेवारी, वय बरोब्बर १८ वर्षं काही महिने. इथे घाबरायचं नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये वय ठरवायची उतरंड दिलीय, आधी शाळेचा दाखला किंवा बोर्डाचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यातलं काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. आधार त्या यादीत नाहीच, आणि २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही म्हटलं की आधार हा जन्मतारखेचा पुरावा धरता येत नाही. हाडांच्या तपासणीत दोन वर्षं इकडेतिकडे होतात, त्यामुळे पोराच्या गावच्या शाळेचा दाखला जो मिळवेल त्याची बाजू भक्कम. मला जमलं ते असं, पोराने संस्थेच्या ताईंना गावाचं आणि शाळेचं नाव सांगितलं, त्यांनी तिथल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाला फोन केला, मुख्याध्यापकांनी रजिस्टरच्या पानाची नक्कल पाठवली. शेठचा आधारवाला "१८ वर्षांचा" मुलगा तिथे साडेबाराचा निघाला. त्या दिवशी तो मला बघून हसला नाही.

धाडीच्या दिवशी

तुमचं काम लांबून. आत कामगार खातं, पोलीस, बाल संरक्षण कक्ष, संस्थेची माणसं असतात. संस्थेच्या कुणाशी ओळख असेल तर त्यांना एवढं आठवण करून द्या की पंचनाम्यात पोराच्या हातातलं हत्यार, सोल्युशनचा डबा, माळ्यावरच्या पथाऱ्या, खर्चीची वही हे सगळं आलं पाहिजे. वही तर पहिली ताब्यात घ्यावी, तिच्यात कुणाच्या बापाला किती उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दिली ते असतं. पोराला २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर न्यायचं असतं, पोराचं पुढे काय करायचं ते ती ठरवते, आणि पोलीस ठाण्यात रात्रभर बसवायचं नसतं.

गुन्हा नुसता बालकामगार कायद्याखाली नोंदवला तर शेठ म्हणतो भरतो दंड. तिथे शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार दंड किंवा दोन्ही, बऱ्याचदा दंडावर भागतं. म्हणून बाल न्याय कायद्याचं कलम ७९ लावायला सांगा, पोराला डांबून ठेवणं किंवा त्याची मजुरी दाबणं, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखाचा दंड, आणि हे अठरा वर्षांपर्यंतच्या सगळ्यांना लागू. उचल देऊन आणलेलं असेल तर १९७६ चा वेठबिगारी कायदा. फसवून किंवा पैसे देऊन आणलं असेल तर मानवी तस्करीचं कलम. आईबाप घाबरतात की आपल्यालाच आत टाकतील, त्यांना सांगा, पहिल्या वेळेला आईबापांना शिक्षा नाही.

पैसे मागायला लाजू नका

पोर सुटलं आणि रिकाम्या हाताने गावी गेलं की दोन-तीन महिन्यांत परत कुठल्या तरी गाळ्यात. कारण उचल फिटलेली नसते. खरं तर बापाने पोराची मजुरी गहाण टाकणं १९३३ च्या कायद्यापासून रद्दबातल आहे, इंग्रज असताना, पण ठेकेदार गावात दारात येऊन उभा राहतो तेव्हा १९३३ कुणाला माहीत.

१९९६ च्या एम. सी. मेहता निकालात, शिवकाशीच्या फटाका-काडेपेटी कारखान्यांवरून, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मालकाने प्रत्येक पोरामागे २० हजार भरायचे. आता कायद्यातच निधी आहे, मालकाचा दंड त्यात आणि सरकारचे प्रत्येक पोरामागे १५ हजार. वेठबिगारी ठरली तर केंद्राच्या योजनेत मुलांना दोन लाखांपर्यंत मदत आहे, पण त्यासाठी मुक्तीचा दाखला लागतो, तो प्रांत किंवा जिल्हाधिकारी देतात, आणि तो मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही. थकलेली मजुरी किमान वेतनाने धरून वेगळी मागायची. हे सगळे अर्ज त्याच आठवड्यात करा, महिन्याभराने फाईल कुठल्या कपाटात गेली हे शोधण्यात जीव जातो.

वीटभट्टी आणि ऊस, इथे गाळ्याचं गणित चालत नाही

भट्टीवर मजुरी हजारी विटांवर, ऊसतोडीत टनावर आणि कोयत्यावर, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पोराचं नाव कुठल्याच वहीत नाही, ते नुसतं विटा उलथवतं, वाढं गोळा करतं, धाकट्याला सांभाळतं. इथे धाड घालून पोर उचललं तर त्याची आई पालावर ऊर बडवेल, आणि ते बरोबरच आहे तिचं. इथे आधी शाळा. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन सांगा की अमुक भट्टीवर एवढी पोरं आलीयत, शिक्षण हक्क कायद्याने दाखला नसला तरी वयाप्रमाणे वर्गात बसवावं लागतं. गाव सोडायच्या आधी कळलं तर हंगामी वसतिगृह आणि शिक्षण हमी कार्ड मागायचं.

पण पोर आईबापासोबत नसून एकटंच दुसऱ्याकडे दिलेलं असेल तर लगेच १०९८. २०२२ मध्ये इगतपुरीकडची कातकरी पोरं नगर जिल्ह्यात मेंढ्या राखायला दिलेली सापडली, काही हजार रुपये आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात, आणि ते बाहेर आलं कधी, तर एक लहान मुलगी मेल्यावर.

नुसतं काढून टाकलं म्हणजे सोडवलं नाही

हे मुद्दाम लिहितोय कारण "त्या ब्रँडवर बहिष्कार टाका" लगेच सुरू होतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बालमजुरीने बनलेल्या मालावर बंदीचं नुसतं विधेयक मांडलं गेलं, पासही झालं नव्हतं, आणि बांगलादेशच्या कपड्यांच्या कारखान्यांनी घाबरून पोरं काढली, युनिसेफच्या अंदाजाने सुमारे ५० हजार. त्यातली बरीच दगड फोडायला गेली, काही त्याहून वाईट ठिकाणी. मग १९९५ ला करार झाला की शाळेची सोय झाल्याशिवाय पोर काढायचं नाही. आपल्याकडे २००५ ला गोवंडीत जरीच्या कारखान्यात एक पोरगा मारहाणीत मेला, त्यानंतर मुंबईत जोरात धाडी पडल्या, पोरं भरभरून बिहारला पाठवली. पुढे त्यांच्याकडे कुणी बघितलं का, हा प्रश्न प्रत्येक धाडीला विचारावा असाच आहे.

म्हणून पाठपुरावा. बाल कल्याण समितीचा आदेश क्रमांक मिळवा, संस्थेमार्फत मिळतो, पोर कुठल्या जिल्ह्याच्या समितीकडे पाठवलं ते त्यात असतं. तिथल्या कक्षाचा नंबर घेऊन फोनमध्ये तीन महिन्यांनंतरचा अलार्म लावून ठेवा. २०१७ च्या नियमांत असंही आहे की मूल न कळवता सलग ३० दिवस शाळेत आलं नाही तर मुख्याध्यापकाने या कामासाठी नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याला कळवायचं. बहुतेक मुख्याध्यापकांना हे ठाऊक नसतं, त्यामुळे फोन करून सांगा. मी ज्याच्यासाठी फोन केला होता तो साडेबारा वर्षांचा, त्याच्या शाळेतून पहिल्या वेळेला "येतो, येतो" असं उत्तर आलं, दुसऱ्या वेळेला सर म्हणाले दहा-बारा दिवस झाले दिसला नाही. आता ३० दिवसांची वाट न बघता त्यांनाच १०९८ लावायला सांगितलंय, आणि ठेकेदाराचं नाव त्या खर्चीच्या वहीत होतं, ते तिथल्या बाल संरक्षण कक्षाला आज सकाळी पाठवलं.